तबकडीचा जमाखर्च

घरातल्या टीव्हीला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा चित्रांच्या सौंदर्यावरून किंवा यंत्राच्या गणनशक्तीवरून सांगितला जातो. परंतु त्या इतिहासाला एक तिसरी, आणि माझ्या मते अधिक निर्णायक, बाजू आहे, ती म्हणजे जागेची. खेळाची कथा किती लांब असावी, पात्रांना प्रत्यक्ष आवाज मिळावा की त्यांचे बोलणे पडद्यावरील अक्षरांतून वाचावे लागावे, संगीत वाद्यवृंदाचे असावे की यंत्राच्या चार-दोन सुरांवर निभावून न्यावे, इतकेच काय, पण कथेतील एखादे नगर अखेरच्या अंकात खुले राहावे की बंद व्हावे, अशा वरकरणी सर्वस्वी कलेच्या भासणाऱ्या प्रश्नांचा निकाल पुष्कळदा दोन आकड्यांनी लावलेला आहे: बारा सेंटिमीटर व्यासाच्या एका तबकडीवर किती माहिती मावते, आणि ती तेथून किती वेगाने बाहेर येते.

तबकडीचा अंमल सुरू होण्यापूर्वी खेळ कॅसेटीतून येत. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात ज्यांचे बालपण गेले त्यांना त्या आयताकृती प्लास्टिकच्या कॅसेटी, आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेले, प्रत्यक्षात मोजक्याच खेळांची पुनःपुन्हा गणती करून फुगवलेले आकडे, अजून आठवत असतील. त्या कॅसेटीच्या पोटात स्मृतीची चिप असे, आणि तिच्यातील कोणताही मजकूर यंत्रास जवळजवळ तत्क्षणी मिळत असे. गैरसोय एकच, पण जबर: चिप महाग होती, आणि तिच्या प्रत्येक वाढीव किलोबाइटाचा भुर्दंड विक्रीच्या किमतीत उतरत असे. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी १९८५ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जगद्विख्यात खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. त्यांपैकी ३२ किलोबाइट प्रोग्रामला आणि ८ किलोबाइट चित्रांना. या ८ किलोबाइटांत एक संपूर्ण सृष्टी उभी करावयाची असल्यामुळे आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांच्यासाठी दोन स्वतंत्र चित्रे ठेवण्याची चैन निर्मात्यांना परवडली नाही. त्यांनी एकच आकृती काढली, ती वर पांढऱ्या रंगात आणि खाली हिरव्या रंगात दाखवली, आणि तो खेळ वर्षानुवर्षे खेळूनही ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात आली नाही. काटकसरीचा इतका सुंदर दाखला क्वचितच सापडेल. पुढील दहा वर्षांत चिपा स्वस्त होत गेल्या, तरी १९९४ सालचा ‘फायनल फँटसी ६’ हा त्या काळी अतिभव्य मानला गेलेला कथाप्रधान खेळ ३ मेगाबाइटांतच आटोपता घ्यावा लागला. त्याचा पुढील भाग १९९७ साली आला तो तीन सीडींवर. एकाच मालिकेच्या दोन लागोपाठच्या भागांत उपलब्ध जागा सहाशेपटींहून अधिक वाढावी, असा प्रसंग कादंबरी, नाटक किंवा चित्रपट यांच्यापैकी कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

ही वाढ कशी झाली हे समजून घ्यावयाचे तर सीडीची रचना थोडी जवळून पाहिली पाहिजे. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली ती केवळ संगीतासाठी. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या, १.२ मिलिमीटर जाडीच्या या तबकडीत मध्यापासून कडेकडे उलगडत जाणारा एकच एक सर्पिल मार्ग असतो. तो सरळ केला तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. या मार्गावर सूक्ष्म खळगे असतात, आणि लगतच्या दोन वेढ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटरचे अंतर असते. अवरक्त लेसरचा किरण खालून त्यावर पडतो, आणि खळगा व सपाटी यांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या कमीअधिक तेजावरून माहिती वाचली जाते. या मार्गाचे लहान लहान तुकडे कल्पिलेले असून त्यांस सेक्टर म्हणतात. संगीत वाजत असताना दर सेकंदाला ७५ सेक्टर लेसरखालून सरकतात, आणि ७४ मिनिटांच्या तबकडीवर त्यांची एकूण संख्या ३,३३,००० होते. प्रत्येक सेक्टरात २,३५२ बाइट मावतात हे खरे. परंतु संगणकीय माहिती भरताना त्यांपैकी २,०४८ बाइटच कामी येतात, आणि उरलेले ३०४ बाइट सेक्टराची ओळख, त्याचा पत्ता आणि चूक-दुरुस्तीचे संकेत यांच्या वाट्याला जातात. गाण्यातील एखादा क्षणांश वाचताना चुकला तर शेजारच्या सुरांवरून तो भरून काढता येतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाला त्याचा सुगावाही लागत नाही. प्रोग्राममधील एक आकडा चुकला तर मात्र सबंध खेळ जागच्या जागी थिजू शकतो. म्हणून आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीचे दुरुस्ती-संकेत तबकडीवर भरावे लागतात, आणि सेक्टराचा सुमारे आठवा हिस्सा या व्यवस्थेपोटी आधीच वजा होतो. ३,३३,००० ला २,०४८ ने गुणले की ६८ कोटी १९ लाख ८४ हजार बाइट येतात. ज्यांस आपण ६५० मेगाबाइट म्हणतो ते हेच.

कन्सोलच्या जगात ही तबकडी प्रथम आली ती १९८८ च्या डिसेंबरात, जपानमध्ये, एनईसी कंपनीच्या पीसी इंजिन या यंत्राला जोडावयाच्या उपकरणाच्या रूपाने. सेगाचे मेगा-सीडी १९९१ च्या अखेरीस आले. तबकडीवर शेकडो मेगाबाइट होते, परंतु पीसी इंजिनच्या त्या उपकरणात तबकडीवरून वाचलेला खेळ ठेवण्यासाठी जी स्मृती होती ती अवघी ६४ किलोबाइटांची. एवढी अफाट जागा हाती असताना तिचे करावयाचे काय, हा प्रश्न निर्मात्यांपुढे खरोखरच उभा राहिला, आणि अनेकांनी ती संगीताला दिली. कारण संगीत स्मृतीत न आणता तबकडीवरून थेट वाजवता येत असे. पण संगीताचा खर्चही थोडाथोडका नव्हता. तबकडीवर तासभर संगीत नेहमीच्या सीडीच्या दर्जाने भरले, तर खेळासाठी १४ मिनिटांची, म्हणजे सुमारे १२३ मेगाबाइटांची शिल्लक उरते.

क्षमतेइतकीच कठोर हद्द वेगाची होती. संगीताच्या गतीने फिरणारी सीडी सेकंदाला १५० किलोबाइट माहिती देते. डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशनने ही गती दुप्पट केली, म्हणजे सेकंदाला ३०० किलोबाइट. त्याची मुख्य स्मृती २ मेगाबाइटांची. ती एकदा पूर्ण भरावयाची म्हटली तर जवळजवळ सात सेकंद लागत, आणि लेसरला तबकडीवर योग्य जागी सरकण्यास लागणारा वेळ त्यावर वेगळा. दार उघडून दुसऱ्या खोलीत जावयाचे आणि काळ्या पडद्याकडे पाहत थांबावयाचे, हा त्या काळातील खेळणाऱ्याचा नित्याचा अनुभव या साध्या भागाकारातून आला आहे. चतुर निर्मात्यांनी त्यावरही तोड काढली. नॉटी डॉग या अमेरिकन संस्थेने १९९६ सालच्या ‘क्रॅश बँडिकूट’मध्ये प्रत्येक पातळीची माहिती ६४ किलोबाइटांच्या तुकड्यांत विभागली, आणि नायक जंगलातून पुढे धावत असतानाच मागचे तुकडे स्मृतीतून काढून टाकून पुढचे तबकडीवरून आणण्याची अशी तजवीज केली की २ मेगाबाइटांच्या यंत्रात त्याहून कितीतरी मोठे जंगल खेळणाऱ्याला सलग भोगता आले.

वेगाच्या याच आकड्यातून आणखी एक हिशेब निघतो, आणि तो पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे. दुप्पट गतीने फिरणाऱ्या तबकडीवरून जर अखंड चलच्चित्र दाखवले, आणि मिळणारी सर्व माहिती त्या चित्राने खाल्ली, तर ७४ मिनिटांची तबकडी ३७ मिनिटांत संपते. प्रोग्राम, नकाशे, संवाद, लढाईचे नियम, पात्रांच्या आकृत्या, या सर्वांना मिळून जी जागा लागते ती या चित्रांच्या मानाने किरकोळच असते. थोडक्यात, सीडी भरली ती खेळाने फारशी भरली नाही, चित्रपटाने भरली.

या प्रकरणातील सर्वांत नाट्यमय वळण निन्टेन्डो आणि सोनी यांच्या फिसकटलेल्या करारातून आले. निन्टेन्डोच्या यंत्राला सीडीची जोड देणारे संयुक्त यंत्र सोनीने जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने त्याच प्रदर्शनात फिलिप्सशी हातमिळवणी केल्याचे सांगितले. सोनीचे अभियंते केन कुतारागी यांनी त्यानंतर स्वतंत्र यंत्राचा आग्रह धरला आणि त्यातून प्लेस्टेशन जन्मास आले. निन्टेन्डोने मात्र १९९६ साली आणलेल्या निन्टेन्डो ६४ या यंत्रात कॅसेटच कायम ठेवली. या निर्णयाला पुढे हट्ट म्हणून हिणवले गेले. ते मला अन्यायाचे वाटते. कॅसेटीत थांबणे नव्हते, तिची चोरटी नक्कल काढणे अवघड होते, आणि सीडी फिरवणाऱ्या यांत्रिक भागाचा खर्च यंत्राच्या किमतीतून वाचत होता. चुकले ते हिशेबाच्या दुसऱ्या रकान्यात. कॅसेट तयार करण्यास खर्च अधिक आणि वेळही अधिक, त्यामुळे प्रकाशकांना विक्रीचा अंदाज नसताना मोठी मागणी आगाऊ नोंदवावी लागे; सीडी मात्र अल्प खर्चात आणि मागणीप्रमाणे झटपट छापून मिळे. ‘फायनल फँटसी’ची निर्माती स्क्वेअर ही कंपनी तोपर्यंत निन्टेन्डोच्या गोटातील बिनीची शिलेदार, तिने १९९६ साली आपण सोनीकडे जात असल्याचे जाहीर केले, आणि त्यात जागेचा प्रश्न निर्णायक ठरला.

१९९७ च्या जानेवारीत जपानात प्रसिद्ध झालेल्या ‘फायनल फँटसी ७’च्या तीन सीडी हातात घेतल्या तर वाटते की कथेचे तीन समान खंड त्यांत वाटून दिले असतील. वस्तुस्थिती वेगळी आहे. खेळाचा गाभा, म्हणजे प्रोग्राम, लढाया आणि जगातील बहुतेक स्थळे, तिन्ही तबकड्यांवर जवळजवळ जशाचा तसा पुन्हा भरलेला आहे. कारण दुसरी तबकडी यंत्रात असताना खेळणारा पहिल्या अंकातील गावी परत जाऊ शकतो, आणि त्या गावाची माहिती त्या वेळी तेथेच हजर असावी लागते. तबकडीगणिक बदलतात ते मुख्यतः चित्रपटाचे तुकडे. जुन्या कचेरीत एकाच हुकुमाच्या नकला प्रत्येक टेबलाच्या दप्तरात ठेवाव्या लागत, कारण एका टेबलावरच्या कारकुनाला दुसऱ्या टेबलाकडे पाहण्याची सोय नसे, तसाच हा प्रकार. त्यामुळे तीन तबकड्यांची बेरीज जवळजवळ २ गिगाबाइट असली, तरी तिच्यातून नकला वजा केल्यावर निव्वळ ऐवज त्याहून पुष्कळ कमी उरतो. १९९९ साली आलेल्या आठव्या भागाला चार तबकड्या लागल्या, आणि चौथी तबकडी सुरू झाल्यावर जगातील गावांचे दरवाजे खेळणाऱ्याला बंद होतात. कथेत त्याला काळाच्या उलथापालथीचे कारण दिलेले आहे. पण अखेरच्या तबकडीवर लांबलचक चित्रपटांची भर पडत असताना गावांच्या माहितीची आणखी एक नक्कल ठेवण्यास जागा नसावी, असे मानण्यास पुष्कळ वाव आहे.

तथापि प्रत्येक उणिवेचे खापर तबकडीच्या माथी मारणेही योग्य नव्हे. स्क्वेअरच्याच १९९८ सालच्या ‘झेनोगिअर्स’मध्ये दुसऱ्या सीडीवर खेळ जवळजवळ थांबतो, आणि खुर्चीत बसलेली पात्रे कथा तोंडी सांगू लागतात. अनेकांनी ती जागेची टंचाई समजली. दिग्दर्शक तेत्सुया ताकाहाशी यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे टंचाई होती ती मुदतीची आणि अनुभवी माणसांची. तबकडीचा त्यात काही दोष नव्हता.

टंचाईतून काय साधते याचा सर्वोत्तम पुरावा पाहावयाचा असेल तर ‘रेसिडेंट इव्हिल २’ या खेळाची निन्टेन्डो ६४ वरील आवृत्ती पाहावी. मूळ खेळ १९९८ साली प्लेस्टेशनवर दोन सीडींत आला होता, आणि त्यात चित्रपटाचे तुकडे, ध्वनिमुद्रित संवाद व आधीच रंगवून ठेवलेली शेकडो पार्श्वचित्रे होती. कॅलिफोर्नियातील एंजल स्टुडिओज या संस्थेच्या दहापेक्षाही कमी माणसांच्या चमूने हा सर्व पसारा १९९९ मध्ये ६४ मेगाबाइटांच्या एका कॅसेटीत उतरवला. ६४ मेगाबाइट म्हणजे एका सीडीचा दहावा हिस्सा. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारकाईने जाणवतो तितका रंगातला जाणवत नाही, या शरीरधर्माचा आधार घेऊन रंगांची माहिती कमी करणे, दर सेकंदाला साठवलेल्या चित्रांची संख्या घटवणे, ध्वनी आवळणे, अशा उपायांनी त्यांनी ते घडवले. चित्रे मूळच्यापेक्षा धूसर झाली खरी, पण एकही मुख्य प्रसंग गळला नाही, आणि दारापलीकडे जाताना सीडीवर जी वाट पाहावी लागे तीही बरीच घटली. दुसरीकडे त्याच यंत्रावरील ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ऑकरिना ऑफ टाइम’ हा १९९८ सालचा खेळ ३२ मेगाबाइटांत, म्हणजे एका सीडीच्या विसाव्या हिश्शात राहतो. मैदाने, पर्वत, सरोवर, देवालये, दिवस-रात्रीचा फेरा, आणि नायकाचे बालपण व तारुण्य असे दोन काळ त्यात मावले आहेत. चित्रपट त्यात जवळजवळ नाहीच. जे दिसते ते यंत्र त्या क्षणी स्वतः रेखाटते. मला हे दोन्ही खेळ त्या दशकातील सर्वश्रेष्ठ शिल्पांत गणावेसे वाटतात, आणि त्यांच्या बांधेसूदपणाचे श्रेय मी निःसंकोचपणे त्यांच्या अरुंद जागेला देतो.

सीडीनंतर डीव्हीडी आली. मार्च २००० मध्ये जपानात निघालेल्या प्लेस्टेशन २ ने एका थरावर ४.७ आणि दोन थरांवर ८.५ गिगाबाइटांची सोय केली, आणि काही वर्षे तरी जागेचा तगादा थांबला; आरंभीचे अनेक खेळ तर इतके आटोपशीर होते की ते निळ्या पाठीच्या सीडीवरच येत. परंतु सर्वांनीच डीव्हीडी जशीच्या तशी स्वीकारली नाही. सेगाने यामाहा कंपनीच्या साहाय्याने ड्रीमकास्टसाठी जीडी-रॉम नावाची तबकडी तयार केली: सीडीच्याच आकाराची, पण बाहेरच्या पट्ट्यात दाट लेखन करून सुमारे १ गिगाबाइट भरणारी. ‘शेनमू’ या महत्त्वाकांक्षी खेळाला १९९९ साली अशा तीन तबकड्या लागल्या. येथे क्षमतेचा उपयोग तटबंदी म्हणूनही होत होता, कारण बाजारातल्या कोऱ्या सीडीवर १ गिगाबाइट मावतच नाही. चोरट्यांनी त्या यंत्रात संगीताच्या एका विशेष सीडीसाठी ठेवलेली मुभा शोधून काढली आणि नकला विकल्या. मात्र मोठे खेळ कोऱ्या सीडीत कोंबण्यासाठी त्यांना त्यातले चित्रपट व संगीत दाबावे किंवा सरळ छाटावे लागे. तट ओलांडला गेला, पण मोडतोड झालेला माल घेऊनच.

निन्टेन्डोने २००१ साली गेमक्यूबसाठी मात्सुशिता कंपनीकडून डीव्हीडीच्याच तंत्रावर आधारलेली, पण ८ सेंटिमीटर व्यासाची तबकडी करून घेतली. बारावरून आठ, म्हणजे व्यासात घट केवळ एक तृतीयांश. क्षमता मात्र ४.७ वरून सुमारे १.५ गिगाबाइटांवर, म्हणजे एक तृतीयांशाच्याही खाली उतरली. कारण भूमितीत आहे. लेखनाचा पट्टा केंद्रापासून सुमारे २४ मिलिमीटरवर सुरू होतो. मोठ्या तबकडीत तो ५८ मिलिमीटरपर्यंत जातो, लहान तबकडीत ३८ वरच संपतो, आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढत असल्यामुळे सर्वांत कसदार जमीन ही नेहमी कडेची असते. ती कापून टाकली की काय होते हे ‘रेसिडेंट इव्हिल ४’ने २००५ साली दाखवले: गेमक्यूबवर तो दोन तबकड्यांत आला. त्याच वर्षी तोच खेळ प्लेस्टेशन २ वर एका डीव्हीडीत बसला, आणि तेही कथेतील प्रसंग आधीच चित्रित करून चित्रपटरूपाने भरलेले असताना.

त्याच आकाराच्या तबकडीवर अधिक मजकूर लिहावयाचा तर खळगे लहान हवेत, आणि लहान खळगे वाचावयाचे तर लेसरचा ठिपका लहान हवा. प्रकाशाचा ठिपका मात्र मनाजोगता बारीक करता येत नाही. त्याच्या तरंगलांबीच्या सुमारास निसर्गच त्याला अडवतो. म्हणून तबकडीची प्रगती ही अखेर रंगाची प्रगती आहे. सीडीचा अवरक्त किरण ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा तांबडा ६५० चा, आणि ब्ल्यू-रेचा निळा-जांभळा ४०५ चा. वेढ्यांमधले अंतर त्याप्रमाणे १.६ वरून ०.७४ आणि तेथून ०.३२ मायक्रोमीटरवर आले. सीडीत जेथे एक वेढा असे तेथे आता पाच बसले, आणि एका थराची क्षमता २५ गिगाबाइट झाली. या किरणाची किंमत सोनीने रोख मोजली. २००६ च्या नोव्हेंबरात आलेल्या प्लेस्टेशन ३ ची अमेरिकेतील किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती, आणि निळ्या लेसरच्या टंचाईमुळे युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत लांबली.

प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टने एक वर्ष आधीच एक्सबॉक्स ३६० बाजारात आणून डीव्हीडीवरच भिस्त ठेवली होती. त्या दुथरी डीव्हीडीच्या ८.५ गिगाबाइटांपैकी नक्कल-प्रतिबंधाची व अन्य व्यवस्था वजा जाता खेळास आरंभी ६.८ गिगाबाइटच मिळत. परिणाम असा की ‘लॉस्ट ओडिसी’ला चार तबकड्या लागल्या, आणि २०१० साली पाश्चात्त्य देशांत दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी आलेला ‘फायनल फँटसी १३’ प्लेस्टेशन ३ वर एका ब्ल्यू-रेत, तर एक्सबॉक्सवर तीन डीव्हीडींत निघाला. त्यातील चित्रपटही एक्सबॉक्सवर कमी स्पष्टतेचे आणि अधिक दाबलेले आहेत. हा फरक केवळ जागेचा, यंत्राच्या शक्तीचा नव्हे. हिदेओ कोजिमा यांच्या २००८ सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड ४’ने तर ५० गिगाबाइटांची दुथरी ब्ल्यू-रे भरून काढली. या खेळात नायक दहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या भागातील स्थळी परत येतो, आणि त्याचा सहकारी जुन्या सवयीने त्याला दुसरी तबकडी घालण्यास सांगतो. मग त्याच्या ध्यानात येते की आता तबकडी एकच आहे. तबकड्या बदलण्याचा अनुभव ज्या पिढीने घेतला तिला हा प्रसंग चटकन भिडतो.

परंतु त्याच खेळाने नव्या युगाची दुसरी खूणही दाखवली. प्लेस्टेशन ३ ची ब्ल्यू-रे सेकंदाला सुमारे ९ मेगाबाइट देत असे, आणि ५० गिगाबाइटांच्या खेळाला हा वेग अगदीच तोकडा होता. म्हणून प्रत्येक अंकाच्या आरंभी त्या अंकाची माहिती यंत्रातील हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी लागे, आणि पडद्यावर नायक सिगारेट ओढत बसलेला दिसे. क्षमता वाढली होती. वेग मागे राहिला होता. २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ पासून खेळ तबकडीवरून थेट चालेनासाच झाला: आधी तो हार्ड डिस्कवर रुजू करावयाचा, आणि मग तबकडी केवळ मालकीचा दाखला म्हणून यंत्रात ठेवावयाची. हार्ड डिस्कलाही फिरण्याचा व शोधण्याचा वेळ लागतोच, त्यामुळे नकलांचे जुने दुखणे तेथेही शिल्लक राहिले. प्लेस्टेशन ५ चे शिल्पकार मार्क सर्नी यांनी २०२० साली सांगितले की रस्त्यावरील टपालपेटीसारख्या एखाद्या वस्तूच्या माहितीची नक्कल हार्ड डिस्कवर चारशे वेळा ठेवली जाते, कारण जेथे ती दिसावयाची तेथे शेजारीच ती सापडावी. फिरता भाग नसलेल्या नव्या साठवणीने ही गरज संपवली, तरी एका तबकडीवर १०० गिगाबाइटांची सोय झाल्यावरही २०२४ साली ‘फायनल फँटसी ७ रिबर्थ’ दोन तबकड्यांवर आला.

असे असता २०२२ सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ची प्लेस्टेशन ५ साठी विकलेली तबकडी उघडून पाहिली तेव्हा तिच्यावर शंभर मेगाबाइटांहूनही कमी मजकूर आढळला, खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा होता. ज्या तबकडीवरील एकेका मेगाबाइटासाठी माणसांनी रात्रीचे दिवस केले तिचा हा वापर मला क्लेशकारक वाटतो. सीडीच्या काळातील खेळ अपुऱ्या जागेत दाटीवाटीने बसलेला असे, पण तो तेथे संपूर्ण असे. दुकान बंद झाले, कंपनी बुडाली, सर्व्हर निवाले, तरी तबकडी आणि यंत्र शाबूत असेतो तो चालत राहतो. आज तबकडीचा खाचा नसलेली यंत्रे उघडपणे विकली जात आहेत, आणि त्यांच्यावर विकत घेतलेला खेळ विकणाऱ्याच्या मर्जीवर टिकून असतो. विकत घेतलेल्या वस्तूची ही अवस्था ग्राहकाने निमूटपणे मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून ज्या वाचकांच्या कपाटात प्लेस्टेशनच्या काळ्या पाठीच्या सीडी किंवा प्लेस्टेशन २ च्या निळ्या-रुपेरी तबकड्या पडून असतील त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. त्या डब्यात उभ्या ठेवाव्यात, कडेने धराव्यात, आणि सीडीची चित्र छापलेली बाजू अधिक जपावी. कारण माहितीचा थर त्या बाजूला पातळ लाखेखाली असतो, आणि तेथे पडलेला ओरखडा थेट माहितीच खरवडून काढतो. पुसताना मऊ फडके मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. मार्गाला छेदून गेलेली बारीक रेघ दुरुस्ती-संकेत भरून काढतात. मार्गाच्या दिशेने दोन-अडीच मिलिमीटरांपलीकडे गेलेला ओरखडा त्यांना पूर्णपणे दुरुस्त करता येत नाही.